नाशिकहून सप्तशृंग गडावर पायी: चैत्रात पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

गुढीपाडवा उलटला की आमच्या पंचवटीत दोनच विषय असतात. एकादशीच्या रथाला कोण कोण येणार, आणि रथ झाल्यावर वणीला पायी कोण निघणार. पहिल्याचं उत्तर सोपं, सगळेच येतात. दुसऱ्याला दरवर्षी नवी मंडळी उत्साहाने हात वर करतात आणि त्यातली बरीचशी दिंडोरीच्या पुढे टेम्पोत बसलेली दिसतात. मला त्यांचं फार वाईट वाटतं. त्यांच्यात भक्ती कमी नसते आणि ताकदही कमी नसते. फक्त ही वाट कशी चालायची हे त्यांना कोणी आधी बसून सांगितलेलं नसतं. मी गेली पंधरा वर्षं ही वाट चालते आहे, म्हणून जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आपण नाशिककर 'वणीला जातो' म्हणतो, पण देवी वणीत नाही. वणी हे दिंडोरी तालुक्यातलं गाव. गड त्याच्या पुढे, कळवण तालुक्यात, नांदुरीच्या डोक्यावर. हे मनात नसलं की वणीची वेस दिसताच 'आलो की' असं वाटतं, पाय ढिले पडतात, आणि मग कळतं की नांदुरी अजून १४ किलोमीटर आहे आणि त्यानंतर चढ आहे. पंचवटी ते दिंडोरी सुमारे २५ किलोमीटर, दिंडोरी ते वणी सुमारे २०, वणी ते नांदुरी १४ आणि नांदुरीहून घाटरस्त्याने गड सुमारे १०. सगळं मिळून सत्तरीला टेकतं.

हे सत्तर किलोमीटर एका रात्रीत मारायची पैज पोरं लावतात. तसं करू नका. धुळ्याकडची माणसं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून येतात, जळगाव आणि नंदुरबारकडची त्याहूनही जास्त. त्यांच्यात सत्तरीच्या आज्या असतात, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया असतात, आणि त्या गडावर चालतच पोचतात. माझी मावशी मालेगावची. तिच्याबरोबर एक वर्ष देवळा-कळवणच्या रस्त्याने चालले तेव्हा कळलं की या लोकांना चालण्याचं शास्त्र येतं. ते ऊन टाळतात, टप्पे लहान ठेवतात, रोज दुपारी झोपतात आणि एकट्याला कधी मागे सोडत नाहीत. खाली जे सांगते आहे ते जवळजवळ सगळं त्यांच्याकडून शिकलेलं आहे.

कोणत्या तिथीला निघायचं

गडावर वर्षभर गर्दी असते, पण प्रत्येक यात्रेची माणसं वेगळी आणि रीत वेगळी. चैत्रोत्सव रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत असतो आणि तो मुख्यतः खान्देशाचा. खान्देश हे देवीचं माहेर मानतात. त्यामुळे चैत्रात येणारी माणसं नवस फेडायला येतात तशीच लेकीला भेटायलाही येतात. साडी, खण, घरून बांधून आणलेला नैवेद्य, सगळं माहेरच्या थाटाचं. शारदीय नवरात्र सगळ्यांचं. तेव्हा गावोगावच्या मंडळांची पोरं गडावर ज्योत पेटवतात आणि ती विझू न देता धावत आपल्या गावच्या घटापर्यंत नेतात. कोजागरीला कावडी येतात, दूरदूरच्या नद्यांचं पाणी खांद्यावर घेऊन. त्याच रात्री तृतीयपंथी मंडळी मोठ्या संख्येने गडावर जमतात आणि छबिना, म्हणजे देवीची मिरवणूक, निघतो.

नाशिकहून पहिल्यांदा चालणाऱ्याने चैत्र निवडावा, असं माझं ठाम मत आहे. ऊन कडक असतं हे खरं, पण रस्ता कोरडा असतो, पायवाट निसरडी नसते आणि वाटेवर माणसांची साथ असते. तिथीही छान जुळते. चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे कामदा एकादशीला, आपल्याकडे रामरथ आणि गरुडरथ निघतात. रथ करा, रात्री झोपा, द्वादशीला दुपारी चारला निघा. त्रयोदशीला सकाळी वणी, रात्री नांदुरी, आणि चतुर्दशीला सूर्य उगवताना गडावर. त्याच रात्री शिखरावर ध्वज चढतो. त्याबद्दल पुढे लिहिते.

सोबत वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर मात्र चतुर्दशी-पौर्णिमेची गर्दी टाळा आणि रामनवमीलाच वाटेला लागा. ध्वज बघायला मिळणार नाही, पण दर्शन शांतपणे होईल.

आधीचे सहा आठवडे

महाशिवरात्रीच्या सुमाराला सुरुवात केली तर पुरेसा वेळ मिळतो. पहिले दोन आठवडे रोज पाच किलोमीटर, मग आठ, मग आठवड्यातून एकदा पंधरा. शेवटच्या रविवारी एकदा वीस किलोमीटर चालून बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा पाच चाला. हे 'दुसऱ्या दिवशीचे पाच' सगळ्यात महत्त्वाचे. यात्रेत पहिल्या रात्री कोणालाच काही होत नाही, परीक्षा असते ती पहाटे उठून पुन्हा उभं राहण्याची.

चढासाठी म्हसरूळच्या चामरलेण्यासारखी जागा नाही. चामरलेणं म्हणजेच गजपंथ, तिथल्या चारशेच्या आसपास पायऱ्या आठवड्यातून दोनदा चढा-उतरा. उतरताना गुडघ्यावर किती भार येतो ते तिथे आधीच समजतं. पांडवलेणीही चालेल, पण चामरलेणं आपल्या वाटेवरच आहे, म्हणून मला ते आवडतं. चढून वर गेलं की दिंडोरी रोड खाली दिसतो आणि आपण कुठे जाणार आहोत याची आठवण राहते.

सराव ज्या बुटात केला त्याच बुटात यात्रा करायची. मी पहिल्या वर्षी यात्रेसाठी म्हणून नवे बूट घेतले होते. दिंडोरी यायच्या आत दोन्ही टाचांना फोड आले, आणि पुढची वाट मी टाच न टेकवता चालले. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, कारण पंधरा किलोमीटरनंतर पाय सुजतो. बोटांची नखं निघायच्या चार-पाच दिवस आधी कापा. आदल्या रात्री कापली तर कोपरे टोचतात.

मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. मधुमेह असलेल्यांच्या पायाला झालेली जखम लवकर कळत नाही, म्हणून त्यांनी दर थांब्यावर मोजे काढून तळवे दुसऱ्याला दाखवायचे, हा आमच्या गटाचा नियमच आहे.

अनवाणी चालायचा नवस असेल तर आधी महिनाभर घराभोवती मातीत अनवाणी चालून तळवे तयार करा. सकाळी नऊनंतर डांबरावर पाय टेकवायचाच नाही, आणि शक्य तिथे रस्त्याच्या कडेच्या मातीवरून चालायचं. तळवे भाजले तर पायात काहीतरी घाला. माझी मावशी म्हणायची की माहेरच्या माणसाचे पाय भाजलेले बघून लेकीला काय सुख होणार?

सोबत आणि सामान

आठ ते पंधरा जणांचा गट सगळ्यात बरा. त्यात दोन माणसं ठरवून नेमायची, एक सगळ्यात पुढे आणि एक सगळ्यात मागे. मागच्याच्या मागे कोणी राहायचं नाही, पुढच्याच्या पुढे कोणी जायचं नाही. हे काम उत्साही पोराला देऊ नका. पुढच्या जागी गटातला सगळ्यात संथ माणूस ठेवा, म्हणजे वेग आपोआप ठरतो.

एक छोटा टेम्पो ठरवा. त्यात पाणी, सतरंज्या, चादरी, शिधा आणि औषधं. टेम्पो चालणाऱ्यांच्या पाठीमागून हळूहळू चालवू नका. रात्री मागून वेगाने येणाऱ्या गाडीला तो अचानक समोर दिसतो आणि त्यातून अपघात होतात. टेम्पो पुढे पाठवायचा, तीन-चार किलोमीटरवर रस्त्याच्या पूर्ण बाहेर उभा करायचा, आणि आपण तिथपर्यंत चालत जायचं.

पाठीवर फार काही घ्यायचं नाही. छोट्या सॅकमध्ये पाण्याची लिटरची बाटली, ओआरएसची चार पाकिटं, टॉर्च, पंचा किंवा उपरणं, सुती मोज्यांच्या दोन जोड्या, चिकटपट्टी, कापूस, जंतुनाशक, आपली रोजची औषधं, भरलेली पॉवर बँक, आणि एका चिठ्ठीवर स्वतःचं नाव, रक्तगट व घरच्यांचा फोन नंबर. मोबाइलची बॅटरी संपली की ती चिठ्ठीच उपयोगी पडते. स्टीलचा पेला घ्याच. वाटेत ताक, सरबत, चहा देणारे जागोजागी उभे असतात, आणि प्लॅस्टिकचे पेले सबंध रस्त्याच्या कडेला पडलेले बघून फार वाईट वाटतं. आपला पेला पुढे केला की देणाऱ्यालाही बरं वाटतं.

बायकांसाठी दोन गोष्टी. साडी नेसून चालायची सवय असेल तरच साडीत चाला, नाहीतर सलवार-कुडता घाला आणि साडी टेम्पोत ठेवून गडावर बदला. आणि स्वच्छतागृहासाठी 'पुढे बघू' म्हणू नका. म्हसरूळ सोडताना, वाटेतल्या पेट्रोल पंपावर, दिंडोरीत, वणीत, जिथे सोय दिसेल तिथे गरज नसली तरी जाऊन या. ती सोय नाही म्हणून बायका पाणी कमी पितात आणि मग चक्कर येऊन पडतात. मी हे तीनदा तरी पाहिलं आहे.

पहिला टप्पा: पंचवटी ते दिंडोरी

गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, हातपाय धुऊन, काळारामाला नमस्कार करून दुपारी चारला निघा. दिंडोरी नाका, म्हसरूळ, मग शहर संपतं. या पहिल्या तासात सगळे फार भराभर चालतात. गप्पा रंगलेल्या असतात, ढोल असतो, जयजयकार असतो. इथेच स्वतःला आवरा. ताशी चार किलोमीटरच्या वर जायचं नाही, आणि दर तासाला दहा मिनिटं बसायचं. बसायचं म्हणजे पाय लांब करून, शक्य असेल तर बूट काढून. उभ्या उभ्या घेतलेली विश्रांती ही विश्रांती नसते.

अंधार पडला की रस्त्याच्या उजव्या कडेने, एकामागे एक चाला. समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे. पाठीवर चमकणारी पट्टी लावा, नाहीतर निदान पांढरा सदरा घाला. स्पीकरच्या आवाजात मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, म्हणून रात्री हायवेवर भजन तोंडाने म्हणा, स्पीकर बंद ठेवा. काही गटांना हे पटत नाही. मला मात्र यात तडजोड मान्य नाही.

पाणी तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट प्या. दर तिसऱ्या बाटलीत ओआरएस मिसळा, एका पाकिटाला एक लिटर पाणी, पाकिटावर लिहिलेलं असतं त्याच मापात. नुसतं पाणी ढोसत राहिलं की अंगातलं मीठ कमी होतं आणि पोटऱ्यांत गोळे येतात.

ढकांबे मागे पडलं की अंधारातही दोन्ही बाजूंची द्राक्षांची शेतं ओळखू येतात. चैत्रात बहुतेक बागा खुडून झालेल्या असतात, पण कुठे कुठे उशिराचा माल असतो आणि शेतकरी रस्त्यावर येऊन घड हातात ठेवतात. थोडी खा, पोटभर नको. चालताना जास्त द्राक्षं पोटाला झेपत नाहीत.

अकराच्या सुमाराला दिंडोरी. हलकं जेवण करा. मुगाची खिचडी आणि ताक याहून चांगलं काही नाही. मग पडा. ही झोप तीन-साडेतीन तासांचीच आहे, खरी झोप उद्या दुपारी वणीत. झोपण्याआधी पाय कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून, तळव्यांना खोबरेल तेल चोळा आणि पाय उशीवर किंवा सॅकवर उंच ठेवा.

फोड आला तर

हे वेगळं लिहिते कारण टेम्पोत बसणारी बहुतेक मंडळी फोडांमुळे बसतात. फोड येण्याआधी ती जागा गरम लागते, चुरचुरते. त्याच क्षणी थांबायचं. 'पुढच्या थांब्यावर बघू' हे वाक्य गटात बंद करा. बूट काढा, जागा कोरडी करा, चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा, कोरडे मोजे घाला. एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं.

फोड आलाच आणि लहान असेल तर फोडू नका, भोवती कापसाचं कडं करून वर पट्टी लावा. मोठा, ताणलेला असेल आणि पाऊलच टेकवत नसेल, तर जंतुनाशकाने पुसलेल्या स्वच्छ सुईने कडेला खालच्या बाजूने टोचून पाणी काढा, पण वरची कातडी काढू नका. ती कातडी म्हणजे आतल्या जखमेचं झाकण. मधुमेह असलेल्याने सुई लावायचीच नाही, थेट दवाखाना.

दुसरा टप्पा: दिंडोरी ते वणी

पहाटे तीनला उठा. पहिली दहा मिनिटं पाय लाकडासारखे वाटतील. घाबरू नका, हळूहळू चालत राहिलं की मोकळे होतात. अवनखेडला कादवा ओलांडली की चैत्रातही पहाटे गारवा असतो, म्हणून डोक्याला उपरणं बांधा. लखमापूर फाटा, मग ओझरखेडचं धरण. तिथपर्यंत पूर्व उजळू लागते आणि समोर सातमाळ्याचे डोंगर उभे राहतात. पहिल्यांदा आलेल्याला गड ओळखून दाखवा. सात शिखरांचा म्हणून सप्तशृंग. शिखर समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरच्या आसपास उंच आहे. माझ्या गटात या जागी दरवर्षी कोणीतरी गप्प होतं. मीही पहिल्या वर्षी झाले होते.

नऊच्या आत वणीत पोचायचंच. उशीर होत असेल तर सावली बघून थांबा, पण दहानंतर उन्हात चालू नका. चालणाऱ्याचं अंग तापलं, घाम थांबला, तो असंबद्ध बोलू लागला, तर तो थकवा नसतो, उष्माघात असतो. ताबडतोब सावलीत झोपवा, कपडे सैल करा, मान, काखा आणि जांघांत ओली फडकी ठेवा, वारा घाला आणि दवाखान्यात हलवा.

वणी गावात जगदंबेचं देऊळ आहे. ज्यांना गड चढवत नाही ते इथेच दर्शन घेऊन देवीला पोचलो असं मानतात. तुमच्यातलं कोणी इथे थांबायचं म्हणालं तर त्याला लाजवू नका, त्यालाही परंपरेचा आधार आहे. दर्शन घ्या, जेवा, आणि दुपारी चार तास गाढ झोपा. मावशीकडचे लोक या वेळी कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा खात. भाकरी दोन दिवस टिकते आणि पोटाला धरते. बाहेरची तळलेली भजी आणि उपासाचे तेलकट वडे यांनी मात्र अनेकांची यात्रा वणीतच संपलेली आहे.

तिसरा टप्पा: वणी ते नांदुरी

संध्याकाळी पाचला निघा. अंतर सगळ्यात कमी, पण अंग दुखत असतं आणि रस्ता वळणाचा, म्हणून हाच टप्पा लांब वाटतो. इथे गोष्टी सांगा. गडासमोर मार्कंडेयाचा डोंगर आहे. मार्कंडेय ऋषी तिथे बसून देवीचं माहात्म्य म्हणत आणि देवी गडावरून कान देऊन ऐकत असे, म्हणून मूर्तीची मान किंचित कललेली आहे असं सांगतात. सोमवती अमावास्येला त्या डोंगरावरही यात्रा भरते. दुसरी गोष्ट हनुमंताची. द्रोणागिरी नेताना त्याचा एक तुकडा इथे पडला, तोच हा डोंगर, म्हणून इथे वनौषधी उगवतात. मुलांना सांगितलेल्या या गोष्टी ऐकत मोठी माणसंही पाय दुखणं विसरतात.

यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि वर फक्त एसटी सोडतात. त्यामुळे तुमचा टेम्पो इथपर्यंतच. वर लागणारं सामान वेगळं काढून पाठीवर घ्या, बाकीचं टेम्पोत. रात्री नांदुरीत मुक्काम. खान्देशाच्या रस्त्याने आलेल्या दिंड्याही इथे येऊन मिळतात. अहिराणी गाणी रात्रभर चालतात. झोप यायला वेळ लागेल, पण ती गाणी पडल्या पडल्या ऐका.

चौथा टप्पा: चढ

वर जायला दोन वाटा. घाटरस्ता लांबचा, पण चढ सावकाश. त्यावर एसटीच्या गाड्या सारख्या ये-जा करतात आणि वळणं अवघड आहेत, म्हणून डोंगराच्या बाजूने, कठड्यापासून लांब चाला. दुसरी जुनी पायवाट. तिला चढणारे रडतोंडी म्हणतात, आणि चढायला लागलं की नाव कसं पडलं ते सांगावं लागत नाही. गुडघे धड असतील आणि टॉर्च असेल तर पायवाट घ्या, पहाटे साडेतीनला, गर्दीबरोबर. एकट्याने नको. पन्नास पावलं चढा, दहा श्वास थांबा, पुन्हा पन्नास पावलं. असं चढलं तर दम लागत नाही आणि वेळही फार जास्त जात नाही.

उजाडताना गडाच्या पठारावर याल. गाव, भक्तनिवास, दुकानं, ट्रॉलीचं स्टेशन सगळं इथे आहे. देऊळ अजून वर, कड्याच्या पोटात. आधी शिवालय तलावावर हातपाय धुवा, कपडे बदला. माकडं फार धीट आहेत, पेढे आणि केळी उघडी हातात धरू नका. शीतकड्याकडे जायचं असेल तर दिवसा जा आणि कडेपासून दूर राहा.

दर्शन

पायऱ्यांच्या पायथ्याशी महिषासुराचं शीर आहे, तिथे थांबून मग चढायला लागायचं. पायऱ्या पाचशेच्या आसपास. त्या उमाबाई दाभाडे यांनी बांधवल्याचं सांगतात. सत्तर किलोमीटर चालून आल्यावर त्या भिंतीसारख्या वाटतात. वयस्कर किंवा लंगडत असलेल्या माणसांसाठी २०१८ पासून फनिक्युलर ट्रॉली, म्हणजे रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी, आहे, काही मिनिटांत वर नेते. वाट चालून झालेल्या माणसाने शेवटी ट्रॉली घेतली तर यात्रा कमी होते असं मला अजिबात वाटत नाही.

यात्रेच्या दिवसांत देऊळ रात्रंदिवस उघडं असतं, आणि रांग लांब असते. रांगेत शिरण्याआधी पाणी पिऊन, थोडं खाऊन घ्या. उपाशी माणसं तिथेच चक्कर येऊन पडतात. ओटीचं सामान, खण, नारळ, हळद-कुंकू, एका पिशवीत हाताशी ठेवा. गाभाऱ्यासमोर पोचल्यावर पिशव्या उपसायला वेळ मिळत नाही. साडी नेसवायची इच्छा असेल तर देवीला ११ वार साडी लागते आणि चोळीला तीन खण. घरून मोजूनच आणा.

आणि मग मूर्ती. कड्यातच घडलेली, आठ फुटांच्या आसपास उंच, अठरा हात, प्रत्येक हातात देवांनी दिलेलं एकेक आयुध. आम्ही लहानपणापासून जी देवी पाहिली ती शेंदराच्या जाड थरातली, भव्य, लालभडक. २०२२ मध्ये संवर्धनासाठी दर्शन सुमारे दीड महिना बंद ठेवून वर्षानुवर्षांचा शेंदराचा थर काढला, आणि त्या नवरात्रात मूळ दगडातलं रूप लोकांसमोर आलं. त्यानंतरच्या चैत्रात मी गेले तेव्हा चेहरा ओळखीचा वाटेना आणि तरी नजर हटेना. मान कललेली होती, ती तशीच. तुम्हाला तिथे दोन-तीन क्षणच मिळतील. ते मोबाइल काढण्यात घालवू नका.

साडेतीन पीठांतलं हे अर्धं पीठ, असं मोजायची पद्धत आहे. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर आणि हे. गडावरचे लोक हेच आद्य पीठ मानतात. त्यांच्याशी वाद घालू नका.

शिखराभोवतीची मोठी प्रदक्षिणा करायची असेल तर ती सुरू आहे का ते आधी देवस्थानच्या माणसांना विचारा. डोंगरावरून दरडी पडतात, म्हणून जाळ्या लावलेल्या आहेत आणि कधी कधी वाट बंद असते. बंद असेल तर बंदच.

ध्वज

चतुर्दशीच्या रात्री थांबायचं ठरवलं असेल तर दुपारी झोप काढा. खोली आधीच ठरलेली नसेल तर मिळायची आशा ठेवू नका, मोकळ्यावर पडायची तयारी ठेवा. ध्वजाचा मान दरेगावच्या गवळी घराण्याचा. संध्याकाळी ध्वजाची पूजा होते, मिरवणूक निघते, आणि मग ध्वज घेणारा काठी, केशरी कापड आणि पूजेचं साहित्य घेऊन अंधारात शिखराकडे चढू लागतो. त्या कड्यावर पायऱ्या नाहीत, आणि दुसरं कोणी त्याच्या मागे जात नाही. वर्षातून दोनदाच हे होतं, आता चैत्रात आणि नंतर नवरात्रात नवमीच्या रात्री. खाली हजारो माणसं मान वर करून बसलेली असतात. कोणी काही बघू शकत नाही, फक्त काळा डोंगर असतो. पहाटे पौर्णिमेच्या उजेडात शिखरावर कापड हलताना दिसतं आणि सगळा गड एका आवाजात ओरडतो. ते ऐकायला मिळावं म्हणून मी चतुर्दशी धरते.

उतरताना

घाटातून चालत उतरू नका. थकलेल्या गुडघ्यांना उतार चढापेक्षा वाईट. एसटीने नांदुरी, तिथून नाशिकची गाडी. रांगेला दोन तास लागतील असं धरून चाला. गटातल्या कोणालाही मोटरसायकल किंवा टेम्पो चालवू देऊ नका. तीन रात्री न झोपलेल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही. टेम्पोचा चालक नांदुरीत पुरेसा झोपला आहे का, ते स्वतः विचारा.

घरी आल्यावर मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसा, फोड उघडे ठेवून वाळू द्या, आणि दोन दिवस थोडं थोडं चालत राहा, नाहीतर पोटऱ्या आखडतात. प्रसाद आधी शेजारी वाटा. मग आठवडाभरात एक दिवस ठरवून मावंदं, म्हणजे यात्रा पार पडल्याचं जेवण, घाला, पुरणाचा स्वयंपाक करून. ज्यांना टेम्पोत बसावं लागलं त्यांना त्या पंगतीत पहिल्या ओळीत बसवा, आणि पुढच्या महाशिवरात्रीला चामरलेण्याच्या पायथ्याशी भेटायचं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.